इतर हक्क

फाईलचं नाव लाट.
अकरा हजार दोनशे ओळी, फोरट्रानमधल्या,
डावीकडे सहा रकाने कोरे सोडलेले,
जसे गडग्यापासून हात राखून माड लावतात.
ओळीच्या आरंभी सी असला की मशीन ती ओळ वाचत नाही.
तिथे इब्राहिम परकार माणसांशी बोलतात,
रोमन लिपीतल्या मराठीत:
बांबू लावून मोजला आहे, बदलू नये. हर्णै, फेब्रुवारी ८६.
आणि पुढे एकदा,
ताप आहे. उरलेलं सोमवारी.

एकोणीस वर्षं मी ही फाईल चालवते.
बंधाऱ्यावर लाट किती चढेल,
आत बांधलेल्या होड्यांपर्यंत किती पोचेल,
अजून बऱ्यापैकी खरं सांगते ती,
कपाटामागच्या एकाच मशीनवर,
ज्याचा पंखा आता खोकतो.

वाटलं, खुली करावी.
दाभोळवाल्यांनी न्यावी, जयगडवाल्यांनी न्यावी,
चुका काढाव्यात, परत आणून द्याव्यात.
माथ्यावर एक परवाना चिकटवायचा, झालं.

मग उतारा काढायला बसले.

आपल्याकडे जमीन एकाची असते,
तिच्यातला फणस दुसऱ्याचा,
फणसाखालून जाणारी पाणंद आणखी कुणाची.
इथेही तेच निघालं.
मूळ परकारांचं, पण परकार पगारी,
म्हणजे कंपनीचं; कंपनी ब्याण्णवला बुडाली,
टेबलं, कपाटं, नकाशांसकट पुण्यातल्या कुणीतरी घेतली.
समीकरणं सोडवणाऱ्या सहाशे ओळी
परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाच्या:
फक्त शिकवण्यासाठी, अशी वर पाटी.
उथळ पाण्याचा भाग केळुसकरांनी दिलेला,
कुठल्या शर्तीवर, ते चहाच्या टपरीवर ठरलं असणार.
टपरीही नाही, केळुसकरही नाहीत.

पुण्याहून उत्तर आलं, दोन वाक्यं:
असे काही आमच्या दप्तरी आढळत नाही.
तथापि परवानगी देता येणार नाही.

नसीमाबाई परकार सही द्यायला तयार होत्या.
चष्मा शोधला, पेन झटकलं,
मग मान वर करून म्हणाल्या,
“पण बाई, अब्बांचं हे माझं आहे का?”
मी कागदाची घडी घातली.
सांदण खाऊन निघाले.

वकील म्हणाले, नवं लिहा.
फक्त, ज्यानं जुनं वाचलंय त्यानं लिहायचं नाही.
म्हणजे मी नाही.
एकोणीस वर्षं राखण केली,
आता कुंपणाबाहेर उभं राहायचं.

पाजपंढरीच्या निनाद चोगलेला घेतलं.
त्याला फाईल दाखवायची नाही,
लाट दाखवायची.
धक्क्यावरून मी बोटानं सांगते:
ही आली. ही दगडांत फुटली.
ही बघ, उरलेली मागे फिरली.
“किती मागे फिरते?” तो विचारतो.
जिभेवर येतं, शून्य दशांश चार दोन.
गिळते.
आकडा कुणाच्या मालकीचा असतो का,
हे विचारायचं राहिलंच.
“मोज,” मी म्हणते.

बांबू त्याच्या काकांच्या होडीतून आले,
वितीवितीला लाल पट्टे मारून.
तीन सकाळ. एकदा तो शेवाळावर घसरला,
एकदा टोपल्या घेऊन चाललेल्या बायका थांबल्या,
“दर्या मोजून कुणाला विकणार रे?”

चौथ्या दिवशी आकडा आला.
शून्य दशांश चार एक.
दगड झिजले असतील इतक्या वर्षांत,
किंवा परकारांना तेव्हा ताप असेल,
किंवा निनादचा हात हलला.
दोन्ही बरोबर असतील, असंही होतं.

त्यानं लॅपटॉप गुडघ्यावर घेतला,
आकड्याच्या वर एक ओळ मशीनसाठी नसलेली टाकली:
बांबू लावून मोजला आहे.

मी ते वाक्य त्याला सांगितलं नव्हतं.
हे आता वकिलाला कसं पटवू.